सगळ्यांना चालणारी बिस्किटं

२ तारीख, सोमवार

धंदा करणाऱ्या माणसाने रोजचं लिहून ठेवावं, असं हे म्हणतात. यांनी स्वतः आयुष्यात वाणसामानाची चिठ्ठीसुद्धा लिहिलेली नाही, पण सल्ला चांगला आहे म्हणून आजपासून लिहिते.

तर धंदा असा: बिनभट्टीची बिस्किटं. मैदा नाही, साखर नाही, दूध नाही, अंडं नाही. बदामाचं बटर, खजूर, ओट्स, कोको आणि चिमूटभर मीठ. मळायचं, थापायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं. ओव्हन लागत नाही, आणि तो आमच्याकडे नाहीही. ऑफिसने मला घरी बसवल्याला आता बरेच महिने झाले. त्यांच्या भाषेत ‘जागा कमी केल्या’. घरात भांडी आपटत बसण्यापेक्षा हे बरं.

पहिला घाणा साफ फसला. बदाम मिक्सरमध्ये फिरवले की आधी पूड होते, मग तिचा गोळा होतो, मग तो कडेला चिकटून बसतो आणि आपल्याला वाटतं, आता काही होत नाही. तिथे थांबायचं नसतं. कडा खरवडायच्या, मिक्सरला जरा दम खाऊ द्यायचा आणि पुन्हा फिरवायचं, म्हणजे तेल सुटतं आणि मऊ बटर होतं. मी तिथेच थांबले आणि वरून पाणी घातलं. सगळ्याचा चिखल झाला.

ताईने तरी चव घेतली. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. शाळेत शिकवायची. किडन्या निकामी झाल्यापासून आमच्याकडे असते. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस.

“भाजत नाहीस तर बिस्किट कसलं, धाकटे?” ती म्हणाली. “चपटा केलेला गोळा आहे हा.” पण गोळा सगळा संपवला.

५ तारीख, गुरुवार

डायलिसिसच्या वॉर्डात आज आहारवाल्या बाई आल्या होत्या. ताईच्या खुर्चीपाशी स्टूल ओढून बराच वेळ बोलत होत्या. काय खायचं, काय टाळायचं, कशात काय असतं. मी शेजारीच होते, पण नेमके तेव्हाच जिमवाल्याचे मेसेज येत होते. त्याच्याकडे येणाऱ्यांना गहू नको, साखर नको, दूध नको. त्याला नमुना हवा आहे. धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक दारात उभं असताना पाठ कशी फिरवणार? ताई मान हलवत ऐकत होती. ऐकून घेणं तिच्या अंगातच आहे. दोघींपैकी एकीने ऐकलं म्हणजे झालं.

सिस्टरने ताईच्या ब्लाउजच्या बाहीचं पुन्हा कौतुक केलं. डाव्या हाताला सुया लागतात, म्हणून खालच्या मास्तरांनी ती बाही खांद्यापासून उघडेल अशी करून प्रेसबटणं लावून दिली आहेत. बाकीच्या पेशंटनाही तशी हवी आहे. मास्तर म्हणजे आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचे शिंपी. बाही खरंच छान आहे, पण एकंदरीत त्यांचं शिवण काही धड नाही. एकच ब्लाउज कितीदा उसवून शिवायचा? दर दोन दिवसांनी संध्याकाळी वर येतात, ताई म्हणते इथे आवळतंय, ते म्हणतात बघू, मग चहा, मग वर्तमानपत्रातलं कोडं, मग ब्लाउज घेऊन खाली. चांगल्या शिंप्याला हे एकदाच करता आलं असतं.

९ तारीख, सोमवार

जमलं. आज बटर असं काही उतरलं की चमच्यावरून घरंगळत होतं. खजूर भिजवून नीट निथळून घेतले, ही खरी किल्ली. थापून, वर काट्याने रेघा मारून, फ्रीजमध्ये ठेवली. दुपारी बाहेर काढली तर खणखणीत.

ताईला एक घाणा कमी गोडाचा दिला, एक जास्त कोकोचा, एक शेंगदाण्याच्या बटरचा. तिन्ही खाल्ले. मी चमचा हातात घेऊन समोर उभी. “दुसऱ्यात मीठ कमी आहे,” ती म्हणाली. तिची जीभ म्हणजे तराजू आहे. यांना विचारलं तर हे सगळ्यालाच ‘मस्त’ म्हणतात, त्याचा काय उपयोग?

स्टिकर छापून आणले. खूप विचार करून एकच ओळ ठेवली: ‘सगळ्यांना चालतं.’ हे म्हणाले, जरा जास्तच होतंय का? मी म्हटलं, वाईट असं काय आहे यात, दाखवा मला. त्यांना दाखवता आलं नाही.

ताईचं अंग फार खाजतं आहे. दंडावर ओरखडे उठलेत. हवा कोरडी आहे, म्हणून तेल लावून दिलं.

१२ तारीख, गुरुवार

वॉर्डात डबा नेला होता. ताईच्या शेजारच्या खुर्चीत एक बाई असतात, कायम लोकरीची टोपी घालून. त्यांना एक दिलं. त्यांनी अर्धं खाल्लं आणि उरलेल्या अर्ध्याची रुमालात पुडी बांधली. “आम्हाला चालतं ना हो?” त्यांनी विचारलं. मी डब्यावरचा स्टिकर दाखवला. ताईने तेव्हा डोळे मिटून घेतले होते. सुया लागल्या की तिला थकवा येतो.

जिमवाल्याची ऑर्डर पक्की झाली. कित्येक महिन्यांनी मी आज जिना चढताना गाणं गुणगुणत होते, असं मास्तर म्हणाले. दुकानातून त्यांना सगळं ऐकू येतं. आणि आमच्या स्वयंपाकघरात त्यांचं मशीन ऐकू येतं. ताई खिडकीपाशी बसून सांगते, आज जाड कापड आहे, आज नुसती शिलाई मारताहेत, आज मन नाही त्यांचं. मला सगळं सारखंच खडखड वाटतं.

१५ तारीख, रविवार

दिवसभर ओट्यापाशी. तुटलेली, कडा गेलेली सगळी ताईच्या वाटीत. वाटी रिकामी झाली की मी भरते. माल वायाही जात नाही आणि तिच्या अंगीही लागतो.

ताई म्हणाली, पायांत कापूस भरल्यासारखं वाटतंय. म्हटलं, सारखी बसून असतेस, पाय जड होणारच. जरा चाल घरातल्या घरात. ती दोनदा दारापर्यंत जाऊन आली. मग मास्तर आले तर त्यांच्यासमोर खुर्चीतून उठताच येईना, तेव्हा हसून म्हणाली, “आज माप बसूनच घ्या.” मास्तर हसले नाहीत.

१७ तारीख, मंगळवार

काल सकाळी ताई न्हाणीघराच्या दारात खाली बसली. पडली नाही, बसली, आणि मग उठेचना. ओठ पांढरे, बोलणं जड. यांनी उचलून गाडीत घातलं. हॉस्पिटलात छातीला वायरी लावल्या, आणि डॉक्टरांचा चेहरा एकदम बदलला. रक्तात पोटॅशियम फार वाढलं होतं. एका सुईनंतर दुसरी, आणि लगेच डायलिसिस. थोडा उशीर झाला असता तर हृदय बंद पडलं असतं, हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं.

मग दुपारी ताई जरा शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “काय खाल्लं होतंत? केळी? बटाटा? सुकामेवा? खजूर?”

खजूर. आहारवाल्या बाई त्या दिवशी हेच सांगत होत्या. मला आता शब्दसुद्धा आठवत होते, म्हणजे कानावर पडले होते. बदाम, शेंगदाणे, खजूर, कोको. माझ्या बिस्किटांत जे जे आहे, ते सगळं. आणि अंग खाजतं तेही त्यातलंच, फॉस्फरसमुळे, असं सिस्टर म्हणाल्या. मी तेल लावत होते.

ताईने आधी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण हे शेजारी उभे होते, डॉक्टर उभे होते, आणि मी ते परत मिटलं.

“संत्र्याचा रस प्यायले,” ताई म्हणाली. “खालच्या मास्तरांकडे. रोज प्यायचे. फार आग्रह करतात.”

आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. बहीण मरता मरता वाचली होती आणि मला हायसं वाटलं ते आपल्यावर आलं नाही म्हणून.

१८ तारीख, बुधवार

ताई घरी आली. तिला अंथरुणावर बसवून हे तडक खाली गेले. मी जिन्याच्या वळणावर उभी राहून ऐकत होते.

“मास्तर, तुम्हाला माहीत नाही त्यांना काय आजार आहे?” हे म्हणाले. आवाज चढला होता. “दोन घोट रसाने माणूस जातं. आग्रह कसला करता?”

मशीन थांबलं. मला वाटलं, आता मास्तर म्हणणार, कसला रस? कुणाचा आग्रह? त्यांच्याकडे रस काढायचं भांडंही नसेल. मी कठडा धरून वाट पाहत होते. म्हणावं त्यांनी, असंही वाटत होतं. म्हणू नये, असंही.

“चूक झाली,” मास्तर म्हणाले.

“यापुढे वर येऊ नका. कपडे असतील तर आम्ही आणून देऊ.”

“बरं.”

हे वर आले. कुणाला टाकून बोलायची त्यांना सवय नाही. मला म्हणाले, “जास्त बोललो का?” मी म्हटलं, “नाही.”

मास्तर कबूल का झाले, काही कळत नाही. घाबरट असतील. ताईने त्यांचंच नाव का घ्यावं, तेही कळत नाही. जे पहिलं तोंडाला आलं ते घेतलं असणार.

२० तारीख, शुक्रवार

बिस्किटं बंद. जिमवाल्याला सांगितलं, मिक्सर जळला. मिक्सर ओट्यावर धडधाकट बसला आहे. बदामाची बरणी मी कपाटात मागे सारली, तर उघडताना पहिली तीच हाताला लागते.

ताई बोलत नाही. म्हणजे बोलते, पाणी दे, चष्मा दे, एवढंच. दिवसभर खिडकी उघडी ठेवायला सांगते. थंडी वाजेल म्हटलं तर म्हणाली, वाजू दे. आज खालून मशीनचा आवाजच नव्हता. मी सहज म्हटलं, दुकान बंद दिसतंय. ताई म्हणाली, “उघडं आहे. तो बसलाय नुसता.” शाळेत शिकवणाऱ्या बाईने मोठ्या माणसाला असं एकेरी म्हणावं, याचं मला आश्चर्य वाटलं. आजारात माणूस चिडचिडं होतं.

कोड्याचा कागद तिच्या उशाशी तसाच पडला आहे. मी म्हटलं, मी सोडवू लागते. दोन शब्द सांगितले, दोन्ही चुकले. तिने कागद घडी करून ठेवला.

२२ तारीख, रविवार

आज धीर करून तिला विचारलं. हे बाहेर गेले होते.

“तू खोटं का बोललीस?”

“तू खरं बोलणार होतीस?”

मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

“तुला माहीत होतं? खजूर, बदाम चालत नाही ते?”

“त्या बाई मलाच सांगत होत्या ना?”

“मग खाल्लीस कशाला, ताई?”

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “तू चमचा घेऊन समोर उभी राहायचीस. इथे आल्यापासून तू माझ्यासमोर इतका वेळ कधी उभी राहिली नव्हतीस. औषध ठेवलंस की गेलीस, ताट ठेवलंस की गेलीस. म्हटलं, एखाद्याने काय होतंय. मग तू वाटीच भरायला लागलीस.”

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. वाटलं होतं, ती मला रागावेल. रागावली असती तर मला उलट काहीतरी म्हणता आलं असतं.

संध्याकाळी यांना सांगायचं ठरवलं. हे चहा पिताना म्हणाले, “ताईंना बरं वाटतंय का गं? तू किती करतेस त्यांचं.” झालं, माझा सगळा धीर त्या वाक्यात बुडाला.

२४ तारीख, मंगळवार

डायलिसिसला आम्ही तिघं गेलो. ताईला खुर्चीत बसवलं, सिस्टरने बाहीची बटणं उघडली. हे गाडीची किल्ली हातात फिरवत उभे होते.

शेजारच्या टोपीवाल्या बाईंनी मला हाक मारली. “तुमच्या त्या बिस्किटांचा डबा मिळेल का हो? घरात सगळे म्हणतात, हिला काहीच चालत नाही. म्हटलं, एक तरी सापडलं. मुलगी पुडीतलं अर्धं मागत होती, मी दिलं नाही. रोज चहाबरोबर कणभर खाल्लं.”

त्यांनी रुमाल उघडून दाखवला. तळाशी खाकी चुरा होता.

मी ताईकडे पाहिलं. तिने या वेळी डोळे मिटले नव्हते. ती माझ्याकडे बघत होती, जशी वर्गात पोराला उभं करून उत्तराची वाट बघत असेल तशी. आणि या वेळी ती माझ्या वतीने बोलणार नव्हती, हे मला कळलं.

“नाही चालत,” मी म्हटलं.

“काय?”

“तुम्हाला नाही चालत. ते टाकून द्या. द्या, मीच टाकते.” माझा आवाज फाटला होता. सिस्टर वळून बघायला लागल्या. “ताईला रसाने नाही झालं. मास्तरांनी काहीच दिलं नाही तिला. माझ्या बिस्किटांनी झालं. मीच भरवत होते, वाट्या भरभरून. आहारवाल्या बाई सांगत होत्या तेव्हा मी फोनमध्ये होते.”

टोपीवाल्या बाईंनी रुमाल माझ्या हातात दिला आणि पदराला हात पुसले. सिस्टर त्यांचं रक्त घ्यायला सुई आणायला गेल्या.

यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. किल्ली फिरायची थांबली होती एवढं दिसलं.

“मी त्या माणसाला दारातून हाकललं,” हे म्हणाले. “आणि तू जिन्यात उभी होतीस.”

म्हणजे यांनी मला पाहिलं होतं. इतके दिवस मला वाटत होतं, कुणाला दिसले नाही.

“हो.”

ते बाहेर जाऊन गाडीत बसले. ताईने मोकळा हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. तिची बोटं किती बारीक झालीत.

घरी आलो. टोपीवाल्या बाईंचं रक्त ठीक आहे, असा सिस्टरचा दुपारी फोन आला. मी फोन ठेवला आणि उरलेले सगळे स्टिकर पाण्यात घातले. ते गोंदाचे, विरघळत नाहीत. बादलीत नुसते तरंगत राहिले, ओळ वर करून.

२५ तारीख, बुधवार

सकाळी हे म्हणाले, “चल खाली.” कालपासूनचे हे पहिले शब्द. दोघं गेलो. मास्तर मशीनवर बसले होते, पण सुईत दोरा नव्हता. मागे हँगरला ताईचा ब्लाउज लावलेला होता, इस्त्री करून.

हे म्हणाले, “मास्तर, मी तुम्हाला नको ते बोललो. माझी चूक झाली.” मला म्हणाले, “बोल.”

मी बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. ओळीने सांगितलं, बदामापासून जिन्यापर्यंत. मास्तर चष्मा काढून पुसत होते.

“मला माहीत आहे, वहिनी,” ते म्हणाले.

“तुम्हाला कसं?”

“बाईंचा, तुमच्या ताईंचा, फोन आला होता हॉस्पिटलातून. म्हणाल्या, तुमच्यावर एक आळ घेतलाय, रागावू नका. धाकटीला खरं बोलायला वेळ लागतो, लहानपणापासूनच. पण बोलते. दोन दिवसांत स्वतः येऊन सांगेल. तोवर तुम्ही धरून ठेवा.”

हे माझ्याकडे बघत होते. मी जमिनीवर पडलेल्या कापडाच्या चिंध्यांकडे.

“मग मी धरून ठेवलं,” मास्तर म्हणाले. “तिसऱ्या दिवशी वाटलं, येतील. चौथ्या दिवशी पण वाटलं. मला काय, मी इथेच असतो. बाई वर वाट बघत होत्या, त्याचं वाईट वाटायचं.”

ऑफिसने काढलं तेव्हा रडले, त्यापेक्षा मी आज जास्त रडले, भर दुकानात. मास्तरांनी अस्तराचा एक तुकडा पुढे केला नाक पुसायला. तो परत कसा द्यायचा म्हणून अजून माझ्याकडेच आहे.

यांनी त्यांना हात धरून वर आणलं. ताई खिडकीपाशी होती. पावलं ऐकूनच तिने केस सारखे केले असावेत, कारण मी निघाले तेव्हा ते विस्कटलेले होते. मास्तरांनी ब्लाउज पुढे केला. मी चहा ठेवायला गेले नाही, पहिल्यांदाच तिथेच उभी राहिले. तिने बाही हातावरून वर ओढली, बटणं लावली, हात वर करून पाहिला.

“अजून आवळतंय,” ती म्हणाली.

“बघू,” मास्तर म्हणाले. “उसवून देतो.”

त्या बाहीत आता ताईचे दोन दंड मावले असते. मी आत जाऊन चहा ठेवला, आणि कोड्याचा घडी केलेला कागद त्या दोघांच्या मधल्या स्टुलावर उलगडून ठेवला.